बनावट बाड आणि खरे कौंडण्यपूर

ऐतिहासिक कादंबरीकाराने आपल्या कल्पनेस किती मोकळीक द्यावी, हा वाद मराठीत नवा नाही. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही कादंबरी १८७१ साली प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हापासून तो अधूनमधून पेट घेतो आणि दोन्ही बाजूंची मंडळी दमली म्हणजे आपोआप विझतो. त्या राखेवर पुन्हा फुंकर घालण्याची आम्हांस हौस नाही. परंतु नुकताच असा एक प्रसंग घडला की, त्याविषयी मौन धरणे मित्रधर्मास शोभले तरी वाङ्मयधर्मास शोभणार नाही, असे आम्हांस वाटले.

वऱ्हाडातील आमच्या एका तरुण स्नेह्यांनी आपल्या कादंबरीचे हस्तलिखित अभिप्रायासाठी आम्हांकडे पाठविले. कथा इसवी सनाच्या दहाव्या शतकातील आहे. बगदादचा मसूदी हा विख्यात प्रवासी व इतिहासकार हिजरी सन ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६च्या सुमारास, कोकणातील चौल बंदरी आला होता. तेथे दहा हजारांच्या आसपास मुसलमानांची वस्ती असल्याचे त्याने आपल्या ग्रंथात लिहून ठेविले आहे. एवढा भाग इतिहासाचा. त्याच्या गलबतावरील एक लेखनिक तापाने मागे राहतो, बरा झाल्यावर कापडाच्या व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर घाट चढून वऱ्हाडात येतो, आणि वर्धेच्या काठी कौंडण्यपुरास एका राजकन्येच्या विवाहाच्या धामधुमीत सापडतो, हा भाग आमच्या मित्रांच्या कल्पनेचा. राजकन्येचा भाऊ तिला नको असलेल्या वराच्या गळ्यात बांधू पाहत आहे. ती विवाहाच्या आदल्या दिवशी देवीच्या दर्शनास निघते. आणि पुढे जे घडते ते प्रत्येक मराठी घरास ठाऊक आहे. येथे मात्र ते एका परक्याच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. भोवतालचे लोक त्यास ‘रुक्मिणीची कथा पुन्हा घडली’ म्हणून सांगतात, आणि तो बिचारा घोड्यांची संख्या, रथाच्या चाकांची घडण आणि वाटेतल्या जकातीचे दर यांचीच नोंद करीत राहतो.

हस्तलिखित चांगले आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. वाईट असते तर एवढा लेखनप्रपंच करण्याचे कारणच पडले नसते. पावसाळ्यानंतर पूर्णेच्या खोऱ्यातून चालताना त्या परदेशी लेखनिकाच्या पायांस काळी माती चिकटते, दहा पावलांगणिक पाय जड होतो, आणि या मुलुखात जमीनच पाहुण्यास जाऊ देत नाही, असे तो लिहितो. हे लिहिणाऱ्याने ती माती स्वतः तुडविली आहे, याविषयी शंका नको. रात्री जेवणानंतर हाती घेतलेले बाड आम्ही पहाटे खाली ठेविले.

दुःख पुढेच आहे. कथा संपल्यावर तीस-पस्तीस पृष्ठांच्या टीपा लागतात. त्यांत म्हटले आहे की, सदर वृत्तान्त अचलपुरातील एका जुन्या वाड्यात मिळालेल्या अरबी बाडावरून घेतला. त्या बाडाची पाने इतकी, ओळी इतक्या, अमुक पान कसरीने खाल्लेले. त्याचा तर्जुमा एका दिवंगत पंडितांनी केला. आणि त्यातील मजकुरास दुजोरा देणारा एक ताम्रपट कौंडण्यपूरच्या शिवारात नांगराच्या फाळास लागला. आम्ही चकित होऊन मित्रांस विचारिले. ते हसून म्हणाले, “बाड नाही, पंडित नाहीत आणि ताम्रपटही नाही. पण आपण फसलात ना? मग माझे काम झाले!” आमच्या मुद्रेवरील नापसंती पाहून त्यांनी दोन समर्थने पुढे केली. पहिले असे की, अमेरिकेतील एका नामांकित लेखकाने हेच केले आणि वाचकांनी त्यास डोक्यावर घेतले. दुसरे असे की, रुक्मिणीच्या माहेरावर आज ईशान्येकडून हक्क सांगितला जात आहे. अशा वेळी वऱ्हाडच्या बाजूने एखादा पुरावा बाजारात असला तर बिघडले काय? या दोन समर्थनांचा परामर्श घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिल्या समर्थनात त्यांचा रोख मायकेल क्रायटन (१९४२–२००८) यांच्या ‘ईटर्स ऑफ द डेड’ या १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीकडे होता. तिच्यावरून १९९९ साली एक चित्रपटही निघाला. तिची हकीकत थोडक्यात अशी. बगदादच्या मुक्तदिर खलिफाने ९२१ साली व्होल्गा नदीकाठच्या बल्गार राजाकडे एक वकिलात पाठविली. तिच्याबरोबर गेलेल्या इब्न फदलान याने प्रवासाचा वृत्तान्त लिहिला, आणि तो अस्सल आहे. व्होल्गाकाठी ९२२ साली त्यास ‘रूस’ नावाचे उत्तरेकडील दर्यावर्दी व्यापारी भेटले. त्या दर्यावर्द्यांस आज जग व्हायकिंग म्हणून ओळखते. खजुरीच्या झाडांसारखी त्यांची उंच शरीरे, अंगावरील आकृती, एकाच पात्रातील पाण्याने सर्वांनी तोंड धुण्याची त्यास किळसवाणी वाटलेली रीत, आणि मेलेल्या नायकास जहाजात ठेवून एका दासीसह जाळण्याचा भयंकर विधी, हे सर्व त्याने पाहिले तसे टिपले. या वृत्तान्ताचे उतारे पूर्वी याकूतच्या भूगोलकोशातून ठाऊक होते. मोठी हस्तलिखित प्रत १९२३ साली इराणातील मशहद येथे झेकी वेलिदी तोगान या विद्वानांस सापडली. क्रायटन यांनी या अस्सल वृत्तान्तावर आपली पहिली प्रकरणे उभारली. मग इब्न फदलान जेथे कधी गेलाच नाही त्या उत्तरेकडे त्यास बळेच ओढून नेले, आणि ‘बेओवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी वीरकाव्यातील राक्षसयुद्धाचा साक्षीदार केले. काव्यातील ग्रेंडेल राक्षस येथे आदिमानवांची उरलीसुरली टोळी झाला. त्या काव्यात ज्या राजांच्या आठवणी आहेत ते सहाव्या शतकाच्या आसपासचे, इब्न फदलान दहाव्या शतकातला. मधली चारशे वर्षे ग्रंथकर्त्यांनी एका उडीत ओलांडली.

या उडीस आमचा यत्किंचितही विरोध नाही. दंतकथा जितकी अद्भुत, तितका तिचा साक्षीदार रुक्ष असावा, हे वर्म क्रायटन यांनी अचूक ओळखले होते. राक्षसाचे वर्णन भाटाने केले तर आपण माना डोलावतो आणि विसरून जातो; तेच वर्णन एखाद्या कारकुनाने जमाखर्च लिहावा तसे केले, तर अंगावर काटा उभा राहतो. आमच्या मित्रांनी हा धडा घेतला, हे उत्तमच झाले. शिवाय ज्यांनी इब्न फदलानाचे नावही ऐकले नव्हते अशा असंख्य वाचकांस ते या कादंबरीने ऐकविले, हा तिचा उपकारही आम्ही नाकारीत नाही.

परंतु क्रायटन एवढ्यावर थांबले नाहीत. संपूर्ण कादंबरी म्हणजे जुन्या हस्तलिखिताचे विद्वत्तापूर्ण संपादन आहे, असा बहाणा त्यांनी केला. पानोपानी तळटीपा दिल्या. मूळ भाषांतराचे श्रेय नॉर्वेतील एका कल्पित प्राध्यापकास दिले. त्या प्राध्यापकाचे आडनाव ज्या दोन लॅटिन शब्दांचे बनले आहे, त्यांचा अर्थ ‘लबाडी’ आणि ‘कपट’ असा होतो. संदर्भसूचीत एका अमेरिकन भयकथाकाराने निव्वळ कल्पनेने निर्माण केलेला जादूचा ग्रंथही त्यांनी गंभीर मुद्रेने बसविला. जाणत्यास ही थट्टा कळावी, अशी खूण त्यांनी ठेविली होती, हे कबूल. पण पुढे काय झाले? १९९२ साली लिहिलेल्या पुरवणी टिपणात त्यांनी स्वतःच सांगितले की, काही वर्षांनी आपल्या पुस्तकातील खरे कोणते आणि रचलेले कोणते, हे त्यांचे त्यांनाच सांगता येईना. आपल्याच सूचीतील ग्रंथ ते एका ग्रंथालयात तासन्‌तास शोधीत बसले, आणि ते आपणच रचले असावेत असा निष्कर्ष त्यांस अखेर काढावा लागला. ज्या नाण्याने टांकसाळीचा धनीच फसतो, ते नाणे बाजारात किती अनर्थ करील, याचा विचार वाचकांनीच करावा.

तेथे निदान बचावाची साधने होती. इब्न फदलानाचा मूळ वृत्तान्त छापलेला आहे, त्याची भाषांतरे आहेत; ज्यास शंका येईल त्याने दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून पाहावे. आमच्या मित्रांच्या अचलपुरी बाडाची शहानिशा कोणी करावी? अरबी हस्तलिखिते वाचणारे आणि ताम्रपटांची अक्षरवाटिका जाणणारे आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि त्यांस कादंबऱ्या वाचण्यास सवड नाही. टीप मात्र कादंबरीहून वेगाने चालते. ती प्रथम एखाद्या गौरवग्रंथात शिरेल, तेथून शाळेच्या स्नेहसंमेलनातील भाषणात, तेथून देवस्थानाच्या माहितीपत्रकात. आणि वीस वर्षांनी कोणी अभ्यासक विद्यार्थी त्या ताम्रपटाच्या शोधात उन्हातान्हात शेते धुंडाळीत फिरेल. त्याच्या पायपिटीचे पाप कोणाच्या माथी?

आता दुसरे समर्थन. ते अधिक नाजूक आहे, कारण त्याच्या मुळाशी गावाचे प्रेम आहे. आसामचे थोर संत शंकरदेव यांनी रुक्मिणीहरणावर काव्य आणि नाटक रचिले. त्या प्रदेशातील परंपरा भीष्मकाचे कुंडिल सदियाच्या परिसरात सांगते. अरुणाचल प्रदेशात भीष्मकनगर नावाचे प्राचीन अवशेष आहेत, आणि तेथील इदू मिश्मी लोक रुक्मिणीस आपली लेक समजतात. गुजरातेतील माधवपूरच्या जत्रेत २०१८ सालापासून या ईशान्येकडील वऱ्हाडास सरकारी इतमामाने आणले जाऊ लागले, तेव्हापासून आमच्या वऱ्हाडातील पुष्कळ सज्जनांस आपले काही हिरावून घेतले गेल्यासारखे वाटते. ही भावना आम्ही समजू शकतो. कौंडण्यपूरची पालखी आषाढीस पंढरपुरास जाते. लेकीची माहेरची माणसे तिच्या सासरी यावीत तशी ती जाते, आणि ही परंपरा चारशेहून अधिक वर्षांची सांगतात. ज्या गावाने इतक्या पिढ्या माहेरपण निभावले, त्यास कोणी ‘तुमची लेक तुमची नव्हे’ म्हटले तर राग येणारच.

परंतु रागाने खोटा दस्तऐवज खरा होत नाही. शिवाय हा तंटा सोडविण्यासाठी सदियापर्यंत जाण्याचे तरी काय कारण? तो अमरावती जिल्ह्याच्या आतही आहे. रुक्मिणीने ज्या अंबिकेचे दर्शन घेतले ती अंबिका कौंडण्यपूरची, असे तेथील लोक सांगतात. ती आपली अंबादेवीच, असे अमरावतीकर म्हणतात. आणि दोहोंची समजूत घालण्यासाठी कोणा शहाण्याने दोन्ही ठिकाणांस जोडणाऱ्या भुयाराची कथा प्रचारात आणिली. दंतकथेचा स्वभावच असा आहे. ती वडाच्या पारंबीसारखी जेथे टेकेल तेथे मूळ धरते, आणि मूळ धरले म्हणजे ती तेथलीच होते. सदियाच्या मिश्मी मातेने रुक्मिणीस लेक म्हटले म्हणून वर्धेकाठच्या आजीची लेक कमी होत नाही. लेकीस दोन माहेरे असणे हे तिचे भाग्यच समजले पाहिजे!

राहता राहिला पुराव्याचा प्रश्न. वऱ्हाडाकडे खरा पुरावा इतका आहे की, खोटा बनविणे हा त्याचा अपमान होय. महाभारतात भीष्मक आणि रुक्मी विदर्भाचे. दमयंतीचे माहेरही कुंडिनच. श्रीकृष्णाकडून पराभव पावल्यावर रुक्मी कुंडिनास परतला नाही, त्याने भोजकट वसविले, अशी कथा आहे. अमरावतीजवळचे भातकुली ते हेच, असे मानले जाते. हे भोजकट नुसते कथेतले नव्हे. अचलपूरजवळच्या चम्मक येथे मिळालेल्या वाकाटक राजा द्वितीय प्रवरसेन याच्या पाचव्या शतकातील ताम्रपटात मधुनदीच्या तीरावरील चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांस दान दिल्याचा उल्लेख असून, ते गाव भोजकट राज्यात असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त इंदुमतीचे स्वयंवर विदर्भात होते, आणि भवभूतीच्या ‘मालतीमाधवा’चा नायक कुंडिनपुराहून पद्मावतीस शिकावयास आलेला आहे. पुढे १९६२ ते १९६४ या काळात मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी कौंडण्यपूर येथे उत्खनन केले व त्याचा अहवाल १९६८ साली प्रसिद्ध झाला. प्राचीन मणी आणि काच यांच्या अभ्यासात ज्यांनी आयुष्य घालविले त्या या संशोधकांनी वर्धेकाठच्या त्या टेकाडात महापाषाणयुगापासून सातवाहनकाळापर्यंतच्या वस्तीच्या खुणा उजेडात आणिल्या.

या सर्वांवरून काय सिद्ध होते? वर्धेकाठी फार प्राचीन काळापासून नांदते गाव होते. विदर्भाची जुनी राजधानी म्हणून कुंडिनाचे नाव संस्कृत कवींच्या ओठी होते. भोजकट हे नाव वाकाटकांच्या दप्तरात होते. आणि काय सिद्ध होत नाही? त्या मातीत रुक्मिणीच्या पैंजणाचा घुंगरू सापडला नाही, आणि तो कधी सापडावयाचाही नाही. दीक्षितांनी तो सापडल्याचे म्हटले नाही, हीच त्यांची थोरवी. त्यांच्या थरांच्या नकाशाशेजारी आमच्या मित्रांचा नांगरास लागलेला ताम्रपट नेऊन ठेविला, म्हणजे एका प्रामाणिक माणसाच्या श्रमांवर आपण शंकेचे सावट पाडतो. उद्या सदियाच्या बाजूचा कोणी चतुर वकील तो बनावट ताम्रपट उघडकीस आणील आणि म्हणेल, ‘यांचा एक पुरावा खोटा निघाला, उरलेले तरी खरे कशावरून?’ तेव्हा चम्मकचा खरा ताम्रपटही आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहील. पुराव्यात भर घालण्याच्या हौसेने पुराव्याचा नाश कसा होतो, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस सुचत नाही.

आमचे मित्र अमेरिकेकडे गुरू शोधावयास गेले, याचे आम्हांस विशेष वाईट वाटते. कारण त्यांचा खरा गुरू त्यांच्याच जिल्ह्यात रिद्धपुरास बसला होता. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी तेथे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. चक्रधरस्वामी गावोगाव फिरत. कोठे उतरले, कोणत्या देवळात निजले, कोणी काय वाढले, कोणती वाट धरली, हे त्यांच्या सहवासातील माणसांस आठवत होते. त्या माणसांस गाठून म्हाइंभटांनी आठवणी जमविल्या. मध्ययुगीन महाराष्ट्रातील प्रवासाचे इतके जिवंत चित्र दुसरीकडे क्वचितच मिळेल. आणि त्याच परंपरेतील ‘स्थानपोथी’ तर देवळाचे तोंड कोणत्या दिशेस, उतरण्याची जागा कोठे, इतक्या बारकाव्याने त्या स्थळांचे वर्णन करिते. या ग्रंथांत चमत्कार आहेत, भक्ती आहे, अद्भुत आहे. परंतु म्हाइंभटांच्या परंपरेची एक शिस्त पाहा. एकाच प्रसंगाविषयी दोघांची आठवण भिन्न असली, तर ती भिन्नता दडपून एकसंध गोष्ट केली गेली नाही. अमुक असे सांगतो, तमुक तसे सांगतो, अशी नोंद राहिली, आणि अशा पाठभेदांस ‘वासना’ हे नाव मिळाले. मूळ पोथी धाडीत नाहीशी झाल्यावर हिराइसेसारख्यांच्या पाठांतरातून ती पुन्हा उभी राहिली, अशी परंपरा आहे. पण तेव्हाही कोणाचा पाठ कोणता, हे सांगण्याची लाज कोणास वाटली नाही. वि. भि. कोलते यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेली आवृत्ती उघडून कोणीही याची खात्री करून घ्यावी. सातशे वर्षांपूर्वी, छापखाना नसताना, ज्यांनी आपल्या देवाच्या चरित्रातही साक्षीदारांची नावे गाळली नाहीत, त्यांच्या मुलुखातील लेखकाने आज कल्पित साक्षीदार उभे करावे, यास काय म्हणावे?

त्याच परंपरेत रुक्मिणीही आहे. महदंबेने धवळे गाइले ते रिद्धपुरास आणि विषय रुक्मिणीविवाहाचा. मराठीची पहिली कवयित्री म्हणून जिला आपण वंदन करतो, तिने कौंडण्यपूरच्या लेकीचेच लग्न लाविले. पुढे १२९२च्या सुमारास नरेंद्राने ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचिले. त्याच्याविषयी अशी आख्यायिका आहे की, रामदेवरायाने सोन्याच्या मोबदल्यात त्या काव्यावर आपले नाव घालावयास सांगितले, आणि कवीने ते साफ नाकारिले. आख्यायिका असेल; पण ती जपून ठेवणाऱ्या लोकांस ग्रंथावरील नावाची किंमत कळत होती, एवढे तर खरे? नरेंद्राने आपल्या रचनेवर राजाचे नाव पडू दिले नाही. आमचे मित्र आपल्या उत्तम रचनेवर जन्मासच न आलेल्या पंडिताचे नाव घालीत आहेत, आणि तेही फुकट!

यावर आक्षेप येतील, ते आम्ही जाणून आहोत. कोणी म्हणेल, कल्पित कोणते हे सांगितले की रसभंग होतो. तसे असते तर ‘ययाति’ वाचणारांचा रसभंग कधीच झाला असता. वि. स. खांडेकरांनी १९५९ साली ती कादंबरी लिहिली, आणि महाभारतातील उपाख्यानापासून आपण कोठे व का दूर गेलो, हे तिला जोडलेल्या लेखात मोकळेपणाने सांगितले. त्याने कादंबरीचे काही उणे झाले नाही. कीर्तनास बसलेल्या श्रोत्यास संतांचा अभंग कोठे संपला आणि हरिदासबुवांचे पदरचे कोठे सुरू झाले, हे बिनचूक कळते. तरी तो उठून जात नाही. उलट बुवांच्या पदरच्याच भागात अधिक हसतो. मराठी श्रोता सातशे वर्षे या जोडासह कथा ऐकत आला आहे. त्यास आज एकाएकी इतके दुबळे का समजावे?

दुसरा म्हणेल, पुराणकारांनी तरी काय केले? त्यांनीही इतिहास आणि कल्पना यांचा काला केलाच. केला; परंतु अमुक बाडाच्या अमुक पानावर अमुक ओळीत हे पाहिले, अशी टीप कोणत्या पुराणकाराने दिली आहे? टीप हा आधुनिक शास्त्राचा शब्द आहे. जो तो उच्चारतो तो वाचकास वचन देतो की, ‘तू तेथे गेलास तर तुला हे सापडेल.’ कथेत खोटे बोलण्याचा परवाना कादंबरीकारास अवश्य आहे. हे वचन मोडण्याचा परवाना त्यास कोणी दिला?

तिसरा आक्षेप श्रद्धाळूंचा. जोड दाखविला की भाविक दुखावतात, असे म्हणतात. आम्ही कौंडण्यपुरास गेलो होतो, तेव्हा वर्धेच्या घाटावर एका वृद्ध बाईंशी बोलणे झाले. उत्खननात रुक्मिणीचे काही सापडले नाही, हे आमच्यापैकी एकाने काहीशा पंडिती थाटात सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, “अजी, लेक सासरी गेली ना. ते घरात कायले सापडते?” या उत्तरावर आमच्याजवळ प्रत्युत्तर नव्हते आणि आजही नाही. ज्या श्रद्धेस इतके सुंदर बोलता येते, तिला बनावट ताम्रपटाचा टेकू लागत नाही.

असे असता आमच्या मित्रांनी करावे काय? आमचे सांगणे आहे की, धाडस आणखी करावे. भागवताच्या दशम स्कंधात एक विलक्षण गोष्ट आहे, तिच्याकडे कादंबरीकारांचे लक्ष जावयास हवे तितके गेलेले नाही. रुक्मिणीचा निरोप घेऊन एक ब्राह्मण द्वारकेस जातो; मराठी परंपरा त्यास सुदेव म्हणते. निरोप सात श्लोकांचा. त्यात कोठे, केव्हा, कोणत्या निमित्ताने आपण नगराबाहेर येऊ, याची सारी योजना त्या मुलीने स्वतः आखलेली आहे. परंतु त्या ब्राह्मणाच्या प्रवासाविषयी पुराण जवळजवळ मुके आहे. तो निघतो आणि पोहोचतो. कौंडण्यपूर ते द्वारका हे अंतर सरळ रेषेत नऊशे किलोमीटरांहून अधिक. परत येताना मात्र श्रीकृष्णाचे घोडे ते अंतर एका रात्रीत तोडतात! जाताना पूर्णा-तापीचे खोरे, खानदेशाची ऊन-वारा झेलणारी पठारे, भडोचची खाडी, सौराष्ट्राचा रखरखीत किनारा, कमरेस शिधा आणि मुखी एका मुलीचे सात श्लोक. येताना एक रात्र. एका टोकास प्रवासवर्णन आणि दुसऱ्या टोकास दंतकथा, आणि दोहोंचा जोड द्वारकेच्या दारात उघडा पडलेला. याहून मोठे आव्हान कोणत्या लेखकास हवे? ही वाट लेखकाने पायी चालून पाहावी, म्हाइंभटांसारखी वाटेवरच्या माणसांस विचारीत जावी, आणि एका रात्रीचा भाग जसा आहे तसा, अद्भुत म्हणूनच, वाचकांपुढे ठेवावा.

हाती असलेल्या कादंबरीपुरते बोलावयाचे तर त्या तीस-पस्तीस पृष्ठांच्या टीपा काढून टाकाव्यात व त्यांच्या जागी तीनच पृष्ठे घालावीत. मसूदी चौलास आला, हे इतिहासाचे. राजकन्येचे हरण हे भागवताचे आणि लोकपरंपरेचे. तापाने मागे राहिलेला लेखनिक, त्याची वही आणि पायास चिकटणारी काळी माती, ही माझी. एवढे त्यांत स्वच्छ लिहावे. ‘माझी’ हा शब्द लिहिताना आमच्या मित्रांस संकोच का वाटावा, हेच आम्हांस उमगत नाही. पुस्तकातील सर्वोत्तम वाक्य त्यांचे स्वतःचे आहे. ते न जन्मलेल्या अरबाच्या पदरात टाकून त्यांनी आपलेच नुकसान करून घेतले आहे.

हे सर्व आम्ही त्यांस पत्राने कळविले. उत्तर अद्याप आलेले नाही. हस्तलिखित आमच्या मेजावरच आहे. रिद्धपुरास २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले. तेथे शिकणाऱ्या पिढीच्या हाती ही कादंबरी कधीतरी पडेलच. ती त्या विद्यार्थ्यांस वऱ्हाडच्या मातीत उतरवील की न लिहिलेल्या बाडाच्या शोधास लावील, याचा निर्णय आज आमच्या मित्रांच्या हाती आहे. रुक्मिणीने आपला बेत भावापासून लपविला, शिशुपालापासून लपविला, साऱ्या नगरापासून लपविला. पण ज्यास पत्र धाडिले त्याच्यापासून तिने एक अक्षरही लपविले नाही. कौंडण्यपूरची कथा सांगू पाहणाऱ्या लेखकाने आपल्या वाचकाशी निदान तितके सरळ वागावे, एवढीच आमची विनंती आहे.